मामंजी, नणंद आणि गल्लीतला पाइप

घार समोरच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसते आणि मान वाकडी करून आमच्या मागच्या खिडकीकडे बघते. उडत नाही. बघते.

बंद पडलेला फ्रिज थंडी धरतो तशी ऊबही धरतो. त्याला दोन्ही सारखंच.

सासूबाई म्हणतात, घरात नवरा नसला तरी चालतं, नळाला पाणी हवं.

पायपुसण्यावर मेलेला उंदीर. शेपूट सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी.

कासवाला दात नसतात. ज्याला चावलंय त्याला हे सांगून बघा.

"जिन्यात नोटीस लागलीय. आपल्याबद्दल आहे."
"काय लिहिलंय?"
"चष्मा नव्हता."
"मग आपल्याबद्दल आहे हे कसं कळलं, आई?"
"ठळक अक्षरं फार आहेत."

गरम हवा वर जाते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता हे सगळं एका घरात आणते.

मी फ्रिज दुरुस्त करते. आम्ही तळमजल्यावर राहतो. पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे लोकांचे फ्रिज येतात, गॅस भरून घेतात, चार दिवस चालवून बघितले जातात आणि आपापल्या घरी जातात. मधल्या खोलीत मी आणि सासूबाई. मागच्या खोलीत बाकीचे.

बाकीचे म्हणजे एक अजगर, एक मोठं कासव, दाढी फुगवणारा एक सरडा, ठिपक्यांच्या दोन पाली आणि चाबकासारखा एक हिरवा साप, ज्याला विष नाही पण आव आहे. सगळे भंगारातल्या फ्रिजांमध्ये राहतात. मोटर काढून टाकायची, दाराचा पत्रा कापून काच बसवायची, आत एक दिवा, एक फांदी, पाण्याचं भांडं. लागणारे सगळे परवाने माझ्याकडे आहेत. फ्रेम करून दारामागे लावलेत. नवे पाहुणे लग्नाचा फोटो समजून कौतुकाने बघायला जातात आणि गप्प परत येतात.

नावं सासूबाईंनी ठेवली. अजगराला त्या नणंद म्हणतात. "माझी नणंद अशीच होती. प्रेमाने मिठी मारायची आणि मग सोडायचीच नाही." सरडा म्हणजे हवालदार. पाली म्हणजे जुळ्या. हिरवा साप नुसता चाबूक. आणि कासवाला त्या मामंजी म्हणतात, म्हणजे त्यांचे सासरे. कासवाच्या समोर त्या पाय पसरून बसत नाहीत. कासव खोलीतून खोलीत निघालं की टीव्हीचा आवाज कमी करतात.

लोक विचारतात, एवढं मोठं कासव आणलं कुठून?

"सासरहून," सासूबाई सांगतात, आणि विषय संपतो.

नवऱ्याचंही सांगून टाकते, नाहीतर वाचणारा वाट बघत बसतो. त्याने एका सकाळी चहा पिता पिता म्हटलं, "एकतर ते राहतील, नाहीतर मी." मी पेचकस हातात धरून उभी होते. म्हटलं, "मग तू बॅग भर, त्यांना बॅग भरता येत नाही." तो दुसऱ्या गावी राहतो, बरा आहे, फोन करतो. आईला न्यायला आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुला मी जन्म दिलाय. तुझ्या मागून फिरायचा शब्द दिलेला नाही." त्यानंतर त्या आत जाऊन मामंजींना काकडी घालत बसल्या.

झालं. आता थंडी.

थंडी पडली आणि जनावरं यायला लागली. आमच्या मागच्या बाजूला एक अरुंद गल्ली आहे. एका अंगाला आमची इमारत, दुसऱ्या अंगाला एका गोदामाची भिंत, मध्ये वाळत घातलेले कपडे आणि ज्याला जे टाकायचं ते. तिथे आधी एक मांजर आली. एका कानाची. तिच्यामागून आणखी दोघी. मग लंगडा कुत्रा, ज्याचं आणि मांजरांचं जन्माचं वैर असायला हवं होतं, पण तो त्यांच्याशेजारी अंग मुडपून बसायचा, दवाखान्यातल्या बाकावर अनोळखी माणसं बसतात तसा. मग उंदीर, मग उंदरांमागे घार, आणि मग एका सकाळी गोदामाच्या भिंतीवरून, शेपूट फुगवून, मुंगूस.

मुंगूस दिसलं आणि इमारतीच्या डोक्यात एकदम दिवा पेटला.

इमारतीच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे चेकरकाका. गाड्यांमध्ये तिकीट तपासायची नोकरी करून निवृत्त झालेत, पण तपासणं निवृत्त झालेलं नाही. जिन्यात समोर कुणी आलं की त्यांचा हात अजूनही पुढे येतो. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बायकोला आम्ही नुसतं काकू म्हणतो.

"ताई, हिशोब सरळ आहे," ते माझ्या दुकानाच्या दारात उभे राहून म्हणाले. आत आले नाहीत. "साप आहेत म्हणून मुंगूस आलं."

"काका, मुंगसाच्या आधी मांजरी आल्या. मांजरी काय सापाचं लग्न ठरवायला आल्या?"

"वास. जनावराला जनावराचा वास लागतो. तुमच्या त्या पालींचा वास बाहेर येतो, त्यावर मांजरी. मांजरींवर कुत्रं. सापाच्या वासावर मुंगूस. उद्या काय येईल?"

"उद्या तुम्ही याल," आतून सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही रोजच येता."

काकांनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांच्या नोकरीत ही सवय लागते. "हे बघा, मी काही दुष्ट माणूस नाही. रविवारी सकाळी समिती मागच्या गल्लीत पाहणी करणार. गल्ली रिकामी दिसली, एकही जनावर नाही, तर माझा शब्द, विषय बंद. जनावर दिसलं तर प्राणी केंद्राची गाडी मी आधीच बोलावून ठेवलीय. मागची खोली त्याच दिवशी रिकामी."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग तुमचं घर समितीला चालणार नाही. दुकानाला आम्ही डोळेझाक केलीय ना आजवर? राहत्या घरात धंदा. ते डोळे आम्ही उघडू."

प्राणी केंद्र मला माहीत आहे. त्यांचा औषधांचा फ्रिज मीच दुरुस्त केलाय. कुणी वाईट माणसं नाहीत ती. पण तिथे एका बोळात प्लास्टिकचे पिंप ओळीने ठेवलेले असतात, प्रत्येकावर आकडा, आणि आत जे कोण असेल ते. नणंदेने थंडी पडल्यापासून तोंडात काही घातलेलं नव्हतं. पुढ्यात उंदीर ठेवला की मान फिरवायची आणि वेटोळं आवळून घ्यायची. अशा अजगराला पोत्यात घालून गाडीतून हलवायचं आणि पिंपात ठेवायचं म्हणजे काय होणार हे मला कळत होतं. मामंजी कदाचित जगले असते. ते कशानेही जगतात. नणंद नसती जगली.

मी ठरवलं. कुणालाही द्यायचं नाही. गल्ली रिकामी करायची.

काय काय केलं ते एका दमात सांगते. मागची खोली साबणाने धुतली, मग फिनेलने, मग परत साबणाने कारण फिनेलने हवालदार काळाठिक्कर पडून दाढी फुगवून बसला. खिडकीच्या फटी काचा बसवायच्या लांबीने बुजवल्या. जुळ्यांसाठी पाळलेल्या रातकिड्यांचा डबा पुढच्या खोलीत हलवला, तर एक गिऱ्हाईक म्हणालं, ताई, फ्रिजमधून आवाज येतोय. गल्लीतला कचरा स्वतः उचलला. सासूबाईंनी त्यांच्या बुद्धीने गल्लीत तिखट टाकलं. वारा आला. सगळी इमारत दिवसभर शिंकत होती, पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत. मांजरी सोडून. मांजरी नुसत्या सरकून बसल्या.

घासूनपुसून खोलीला कसलाही वास उरला नाही. तरी जनावरं येतच होती. एका कानाची तर आता उंदीर आणून माझ्या पायपुसण्यावर ठेवायला लागली होती, भाडं भरल्यासारखी.

आता शुक्रवार संध्याकाळ. इथे जरा हळू.

मी मधल्या खोलीत आले तर सासूबाई नाहीत. दुकानात नाहीत. न्हाणीघरात नाहीत. गुडघे धरलेल्या बाईने अशी कुठे उडी मारली म्हणून मी मागचं दार उघडलं.

त्या गल्लीत होत्या. माझा बाटल्यांचा क्रेट पालथा घालून त्यावर उशी, उशीवर त्या. पाय लांब सोडलेले. मांडीवर ताटात मटार, मटारशेजारी एका कानाची. दोघी मांजरी पायांवर. लंगडा कुत्रा पाठीला टेकून. समोरच्या भिंतीवर मुंगूस, मांडी घालून बसल्यासारखं. सगळ्यांचे डोळे अर्धवट मिटलेले. सासूबाईंचेसुद्धा.

"आई!"

"हळू. उठेल ती."

"मी आठवडाभर मरमर मरतेय यांना हाकलायला, आणि तुम्ही यांना मांडीवर घेऊन बसलाय?"

"मी कुणाला घेतलेलं नाही. मी आधी आले. ही नंतर आली."

"म्हणजे?"

"म्हणजे थंडी पडल्यापासून मी रोज दुपारी इथे बसते. तू दुकानात असतेस, तुला कशाला सांगायचं? घरात माझे गुडघे दगड होतात. इथे बरे असतात." त्यांनी मटाराची एक शेंग मागे भिंतीकडे दाखवली. "ह्याच्यापाशी."

भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता. जाडजूड, चंदेरी, गुडघ्याच्या उंचीवर. मीच बसवलेला. मी त्याच्या तोंडाशी हात धरला.

तव्यावर धरावा तसा नाही. पण नुकत्याच उठलेल्या माणसाच्या पांघरुणात घालावा तसा.

इथे मला थोडं माझ्या धंद्याबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय मी भिंतीला टेकून का हसायला लागले ते कळणार नाही. लोकांना वाटतं फ्रिज थंडी तयार करतो. फ्रिज काही तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि मागच्या बाजूने बाहेर फेकतो. बस. उष्णता बाहेर गेली पाहिजे, हा आमचा धर्म. जिथे उष्णता साठली तिथे मोटर जळाली. माझ्या हातांना हे इतकं पाठ आहे की ते मला विचारत नाहीत. म्हणून भंगारातल्या फ्रिजांची घरं बनवली तेव्हा, आत दिवा लावला आणि त्याच हाताने प्रत्येकाच्या पाठीला भोक पाडलं, सगळ्यांचे पाइप एका पाइपाला जोडले, पंखा बसवला आणि तोंड काढलं गल्लीत. व्यवस्थित. सांधे एकदम पक्के. स्वतःवर खूशसुद्धा झाले होते.

थंड रक्ताच्या प्राण्यांना ऊब मिळावी म्हणून दिवे लावायचे आणि ती ऊब दिवसरात्र पंख्याने गल्लीत उडवायची! शेंबड्या पोरानेही विचारलं असतं, बाई, असं का? पण पोराला विचारलं कोणी? उन्हाळ्यात काही कळलं नाही. थंडीत दिवे मोठे करत गेले, तेवढी गल्ली ऊबदार होत गेली, आणि नणंद वाऱ्यावर बसली. तिने जेवण टाकलं तर मी म्हटलं, स्वभाव.

"हसतेस काय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, ही सापाच्या वासावर आलेली नाहीत. ही शेकायला आलीत. तुमच्यासारखीच."

"मग मी काय वेगळं सांगितलं?"

त्यांना उठवलं. क्रेट आत घेतला. पाइपाच्या तोंडात जुन्या चादरीचा बोळा कोंबला, वर चिकटपट्टी मारली, आणि आत पंखा बंद केला.

शनिवारी सकाळी एका कानाची आली, पाइपाच्या तोंडाला नाक लावलं, आणि कुलूप लावलेल्या घराकडे पाहुणा बघतो तसं बघून निघून गेली. दुपारपर्यंत गल्ली रिकामी. उंदीर नाहीत, त्यामुळे घार नाही. मुंगूस एकदा भिंतीवरून डोकावलं आणि मला बघून अशा काही तोऱ्यात वळलं की मला माफी मागावीशी वाटली.

आणि शनिवारी संध्याकाळी नणंद जेवली. बर्फातला उंदीर कोमट करून पुढ्यात ठेवला आणि मी मान वळवते न वळवते तोच झडप. मी काचेला नाक लावून बघत राहिले. एक फुगवटा हळूहळू तिच्या अंगातून मागे सरकत होता. मला रडू आलं, पण ते मी फ्रिजच्या गॅसवर ढकललं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या गुडघ्यांना तेल लावत होत्या. त्यांचं न बोलणं शेजारच्या इमारतीतही ऐकू जातं.

रविवार.

गल्लीत समिती. चेकरकाका पुढे, हातात फाइल. मागे चारसहा लोक, स्वेटरात, कंटाळलेले. काकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरल्या होत्या, म्हणजे दोन्ही कामं होतील. गल्लीच्या तोंडाशी प्राणी केंद्राची गाडी आणि गाडीवाला, विडी न पेटवता ओठात धरून.

काकांनी कचऱ्याच्या पिंपामागे बघितलं. वाकून कोनाड्यात बघितलं. गोदामाच्या भिंतीवर बघितलं. मुंगीसुद्धा नव्हती.

"काका," मी म्हटलं, "गल्ली रिकामी आहे. तुमचा शब्द."

"आज रिकामी आहे."

"रविवार आजच आहे."

"ताई, आज गेली, उद्या येतील. मूळ आत आहे ना? साप तर आहेतच. मूळ उपटल्याशिवाय—"

"तुम्ही म्हणालात गल्ली रिकामी दिसली तर विषय बंद."

"मी म्हणालो तेव्हा मुंगूस होतं."

"म्हणजे मुंगूस होतं तेव्हा शब्द होता. मुंगूस गेलं, शब्दही गेला?"

कुणीतरी मागे हसलं. काकांचे कान लाल झाले. त्यांनी फाइलीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. वर छापलं होतं: माझ्या ताब्यातील प्राणी मी स्वखुशीने देत आहे. खाली सहीसाठी रेघ.

"सभ्यपणे होऊ द्या," ते म्हणाले. "सगळ्या इमारतीची इच्छा आहे."

"अहो," काकू मध्येच म्हणाल्या, "सगळी इमारत जमलीच आहे, तर आधी ते कपड्यांचं विचारा ना."

"आत्ता कपडे काढू नकोस."

"काढायला वाळायला नकोत का? कालपासून यांच्या बनियनी वाळत नाहीत," त्या सगळ्यांना सांगायला लागल्या. "इतके दिवस सकाळी टाकलं की दुपारी कडक. कालपासून ओलंच्या ओलं. तुमच्याकडे पण का हो?"

"आमच्याकडे पण," एकजण म्हणाला. "मुलाचा गणवेश इस्त्रीने वाळवला काल."

"मला वाटलं साबण बदलला म्हणून."

आणि मग सगळे वर बघायला लागले. मीही बघितलं. पाइपाच्या बरोबर वर, मजल्यामागून मजला, दोऱ्याच दोऱ्या. काकांच्या बनियनी सर्वांत खाली, गळलेल्या. गरम हवा वर जाते.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांचं पोट हलत होतं.

मी कागद काकांच्या हातातच ठेवला. "थांबा," म्हटलं. "चहा पितात तेवढा वेळ थांबा. आई, यांना सोडू नका."

"जातात कुठे?" सासूबाई म्हणाल्या, आणि क्रेट आणून गल्लीच्या मधोमध बसल्या, जाण्याच्या वाटेवर.

आत गेले. सापांच्या घरांचे सगळे पाइप मोठ्या पाइपापासून सोडवले आणि भोकं बुजवली, कायमची. मोठ्या पाइपाला जोड दिला, मधल्या खोलीतून भिंतीकडेने पुढे आणला. पाइप माझ्याकडे कमी नाही. दुकानात एका आईस्क्रीमवाल्याचा भलामोठा फ्रीझर चाचणीला लावलेला होता, पाठीने धगधगत. त्याच्या मागे पुठ्ठ्याचं नरसाळं केलं, पाइपाचं तोंड त्याला बांधलं, पंखा त्यावर चढवला. गल्लीत आले. बोळा उपसून काढला.

पंखा चालू होता. बाहेर येणारी हवा आधी गार, मग कोमट, मग बरी.

क्रेटवर बसून सासूबाई कुणाला तरी मटाराचे भाव विचारत होत्या, तेही थांबलं.

एका कानाची कुठून आली ते मी बघितलं नाही. पिंपाच्या मागून असेल. ती सगळ्यांच्या पायांमधून सरळ चालत आली, पाइपासमोर बसली आणि पंजा चाटायला लागली. मग दुसरी. मग लंगडा कुत्रा, समितीकडे एकदाही न बघता.

"बघा!" चेकरकाका ओरडले. विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "बघा, बघा! आली! सापाच्या वासावर आली!"

"बघाच," मी म्हटलं. "ही हवा सापांची नाही. पुढच्या खोलीतल्या आईस्क्रीमच्या फ्रीझरची आहे. आत जा, पाइपाला हात लावा, आणि तो कुठे जातो तिथपर्यंत चालत जा. तपासा ना. तुमचंच काम आहे."

ते गेले. मला त्यांचं एक मानावं लागेल, तपासायला सांगितलं की ते तपासतात. पाइपावर बोट ठेवून मागच्या खोलीतून गेले, मधल्या खोलीतून गेले, आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चष्म्यावर वाफ होती.

"मग तो फ्रीझर..." ते म्हणाले.

"त्यालाही गाडीत घाला. हलका नाही, चौघं लागतील."

आता सगळेच हसले. गाडीवालासुद्धा, विडी पडेपर्यंत.

"हसण्यावारी नेऊ नका," काका म्हणाले. "पाइपामुळे येतात ना? मग पाइप बंद करा."

"का?"

"जनावरं येतात!"

"येतात. तुमच्या बनियनी येतात. मुलांचे गणवेश येतात. आईंचे गुडघे येतात. शुक्रवारपर्यंत सगळी इमारत ह्या पाइपापाशी येत होती, काका. मोजताना तुम्ही चार पायांचीच मोजलीत. आणि शेकत होतात कुणाच्या जिवावर? माझ्या सापांच्या. ते तिथे उपाशी कुडकुडत होते आणि तुमच्या बनियनी कडक वाळत होत्या. मी चुकले म्हणून. ती चूक मी दुरुस्त केली. आता त्यांची ऊब त्यांच्याकडे राहील. ही माझ्या धंद्याची ऊब आहे, हो, राहत्या घरातल्या धंद्याची, आणि ती मी गल्लीत सोडणार. ज्याला यायचंय त्याने यावं. शेपटीसकट, शेपटीशिवाय."

"बनियन काय एवढं धरून बसलीस," काकू पुटपुटल्या, पण बादली खाली ठेवून त्यांनी एक बनियन झटकली आणि खालच्या दोरीवर घातली.

"तू काय करतेस?" काका म्हणाले.

"वाळत घालतेय. तुमचा ठराव होईपर्यंत ओलं नेसू का?"

गाडीवाला पुढे आला. "बाई, सही करताय का? मला आणखी दोन ठिकाणी जायचंय."

"नाही."

"म्हणजे विचार करून कळवता का?"

"विचार करून झालाय. नाही."

त्याने काकांच्या हातातून कागद घेतला, घडी घातली, खिशात टाकला. मग जरा घुटमळला. "अजगर एकदा बघू का? आलोच आहे तर."

चपला काढून आत गेला. नणंदेच्या काचेसमोर उकिडवा बसला. फुगवटा आता मधोमध आला होता.

"जेवलीय."

"काल. थंडी पडल्यापासून पहिल्यांदा."

तो बाहेर आला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पोट भरलेल्या अजगराला आम्ही हात लावत नाही. ओकून टाकतात. मरतात. मी नेणार नाही." आणि गाडीत जाऊन बसला.

लोक पांगले. दोघं-तिघं पाइपापाशी उगाच रेंगाळले, हात मागे बांधून, पाठ पाइपाकडे करून. काका मात्र उभे राहिले, फाइल छातीशी धरून.

"पुढच्या महिन्यात मी पुन्हा मांडणार," ते म्हणाले. "दुकानाचंही. सोडणार नाही."

"मांडा. पुढच्याही महिन्यात मी नाहीच म्हणणार आहे. त्याच्या पुढच्याही. बसायला खुर्ची ठेवते तुमच्यासाठी, इथे, पाइपाशेजारी."

"मला नको तुमची खुर्ची."

"मग उभं राहून ऐका."

ते गेले. त्यांनी खरंच पुन्हा मांडलं, आणि मी खरंच नाही म्हटलं, आणि आता ते दर महिन्याला होतं. गल्लीत मी एक बाक केलाय, फ्रिजच्या जुन्या दाराचा, चुंबकाची पट्टी अजून त्याच्या कडेला आहे. आईस्क्रीमवाल्याचा फ्रीझर गेला की दुसऱ्या कुणाचा येतो, पाठ कुणा ना कुणाची धगधगत असतेच. पाइपाच्या तोंडाला पत्र्याचं रुंद नरसाळं बसवलंय, म्हणजे हवा पसरून येते. मुंगूस अजून भिंतीवरच बसतं, खाली उतरत नाही. त्याला मानपान लागतो. घारीला मी काही देऊ शकत नाही, ती ते समजून आहे. काल पाइपाजवळ कुणीतरी "येथे प्राण्यांना बसू देऊ नये" असं लिहून चिकटवलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं, कागद काढला, आणि त्याच्यावर मटार सोलले.

मामंजी सासरहून आलेले नाहीत. माझ्याकडे भंगारात आलेल्या पहिल्या फ्रिजच्या भाजीच्या खणात ते होते, जिवंत.